ठाणे स्टेशन : पुलावरून पाहिलेलं

ठाणे स्टेशनचं नाव काढलं की समोरचा माणूस पहिलं वाक्य गर्दीचंच बोलतो. गर्दी आहेच. पण तेवढ्यावर या स्टेशनचा निकाल लावून मोकळं होणं मला मान्य नाही. माझं माहेर कोपरीचं, सासर चेंदणी कोळीवाड्यातलं आणि नोकरी नवी मुंबईत रबाळ्याला, एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. राहणं, नातीगोती आणि पोट, तिन्ही या स्टेशनाला बांधलेली. कामाला जाताना दहा नंबरच्या फलाटावरून गाडी पकडायची. बाजाराला जायचं तर पास असतोच, पूल ओलांडून जांभळी नाका. गावाला जायचं तर सात नंबर. लोक हॉटेलांबद्दल लिहितात, दवाखान्यांबद्दल लिहितात, मोबाइलच्या कव्हरबद्दलसुद्धा लिहितात. ज्याच्यावर आपलं अर्धं आयुष्य चालतं त्या स्टेशनबद्दल मात्र कुणी नीट बसून लिहीत नाही, म्हणून हे.

माझं मत आधीच सांगते. ठाणे स्टेशन जोखायचं असेल तर पुलावर या. रोज इथे जे लाखो लोक येतात त्यांतल्या कितीतरी जणांना ठाण्याशी काही देणंघेणं नसतं. डोंबिवलीहून आलेली मुलगी घणसोलीला निघालेली असते, नेरूळहून आलेले काका भांडुपला. त्यांचं ठाणे म्हणजे एक जिना चढायचा, पूल ओलांडायचा, दुसरा जिना उतरायचा. त्या चार-पाच मिनिटांत गाडी मिळते तरी किंवा जाते तरी. या स्टेशनाचं आजचं मुख्य काम गाडी बदलून देणं हे आहे, आणि ते काम फलाटांपेक्षा पुलांवर जास्त चालतं. बाकी सगळं, म्हणजे बाकडी, पंखे, स्टॉल, रंगरंगोटी, त्याच्यानंतर येतं.

हे स्टेशन बांधलं तेव्हा मात्र इथे गाडी बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण रूळच इथे संपत होते. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामीत पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि ३४ किलोमीटरची वाट. एवढं आपल्याला शाळेतच पाठ झालेलं असतं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. गाडी ठाण्याला पोचली तेव्हा पाहुण्यांसाठी इथे तंबू ठोकून खाण्यापिण्याची सोय केलेली होती. मंडळी उतरली, जेवली आणि त्याच दिवशी परत मुंबईला गेली. मुंबईतली ती भव्य टर्मिनसची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची, इमारत पूर्ण व्हायला १८८८ उजाडलं. ठाण्याला गाडी त्याच्या ३५ वर्षं आधीपासून येत होती, हे मी माझ्या ऑफिसातल्या दक्षिण मुंबईच्या मंडळींना मुद्दाम सांगते.

गाडी ठाण्यापर्यंत का आली, याचंही उत्तर ठाणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना त्यांच्या मनात मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट जोडायची कल्पना आली, अशी नोंद आहे. घाटावरचा कापूस मुंबईच्या बंदरात लवकर यावा, ही त्यामागची निकड. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये स्थापन झाली आणि जेम्स बर्कले हे तिचे मुख्य अभियंता. रेल्वेसाठी ज्यांनी आपलं वजन खर्ची घातलं त्या नाना शंकरशेटांचं मूळ गाव मुरबाड, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. तेव्हा ठाणे हे त्या सगळ्या बेतातलं मुक्कामाचं ठिकाण कधीच नव्हतं. १ मे १८५४ ला गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. शेवटचं स्टेशन असण्याचा मान ठाण्याला मिळाला तो एक वर्ष आणि पंधरा दिवस. तेव्हापासून आजपर्यंत हे वाटेवरचं स्टेशन आहे, आणि वाटेवरच्या स्टेशनाला जागा कधीच पुरत नाही.

त्या रुळांची किंमत ज्यांनी आधी मोजली ती आमची चेंदणीची माणसं. कोळीवाडा एकच होता, मधून लोहमार्ग गेला आणि पूर्वेचा वेगळा, पश्चिमेचा वेगळा झाला. आजही चेंदणी स्टेशनच्या दोन्ही अंगांना आहे. सासूबाईंच्या लहानपणी या वाड्यातून त्या वाड्यात लग्नाचं बोलावणं द्यायला जायचं तर वेळ बघून निघायचे, मध्ये रूळ आहेत म्हणून. त्या स्वतः मासळीचा धंदा करायच्या. खाडीत चांगली मासळी मिळायची तोवर टोपली घेऊन दारोदार फिरायच्या. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी नासली, तशा पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन मासळी आणायला लागल्या. त्यांचं स्टेशन म्हणजे मालडबा. मालडबा नेमका कुठे थांबतो ते त्या फलाटावरच्या खांबावरून ओळखायच्या. पाटी डोक्यावर द्यायला माणूस कुठे भेटेल, पाणी गळालं तर कोण ओरडेल आणि कोण गुपचूप बाजूला सरकेल, हे सगळं त्यांना माहीत होतं. स्टेशनचा असा अभ्यास मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नाही.

बाबांचं स्टेशन वेगळं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. बाबा तिथे एका लहान कारखान्यात टर्नर होते. त्या काळी सकाळची गर्दी ठाण्यात उतरायची, हे आता तरुण मुलांना सांगून खरं वाटत नाही. वागळे इस्टेट, रेमंड, पलीकडे कळव्याला मफतलाल, मुकंद. डबेवाल्या पिशव्या घेतलेली माणसं कल्याणकडून आणि मुंबईकडून इथे यायची आणि पश्चिमेला बसच्या रांगेत उभी राहायची. बाबा कोपरीतून पूल ओलांडून त्याच रांगेत जायचे. पुढे एकेक कारखाना बंद पडला, जागेवर टॉवर आणि मॉल आले, घोडबंदर रोड भरत गेला आणि सकाळची गर्दी उलटी झाली. आता ठाण्यात राहायचं आणि पोटासाठी बाहेर जायचं. फलाट तेच, जिने तेच, फक्त माणसांचं तोंड फिरलं. या उलटापालटीला स्टेशनाने जसं सामावून घेतलं तसं शहराच्या रस्त्यांना जमलेलं नाही.

माझं स्टेशन सुरू झालं ९ नोव्हेंबर २००४ ला. त्या दिवशी ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावर प्रवासी गाड्या धावायला लागल्या. त्याआधी बेलापूर रोडच्या कंपन्यांत जायचं म्हणजे कळव्याहून विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून बस. पावसात पुलाखाली पाणी साचलं की पुढचा हिशेब सुटला. घरच्यांना परत कधी येणार हे सांगताच यायचं नाही. ट्रान्स-हार्बर आली आणि ही अनिश्चिती एका झटक्यात गेली. खाडी ओलांडून गाडी उजवीकडे वळते, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याने दिघा, ऐरोली, रबाळे. १२ जानेवारी २०२४ पासून दिघा गावालाही स्टेशन मिळालं आणि तिथल्या बायकांची ऐरोलीपर्यंतची पायपीट आणि रिक्षा वाचली. ज्या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने होते तिथे आता काचेचे आयटी पार्क उभे आहेत. या मार्गाने नवी मुंबई ठाण्याच्या शेजारी आणून ठेवली असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे. माझी मुलगी नेरूळला कॉलेजला जाते. माझ्या वयात हे अंतर मला परगावचं वाटायचं.

ट्रान्स-हार्बरचे फलाट नऊ आणि दहा, म्हणजे स्टेशनच्या पूर्वेच्या कडेला. स्टेशन असंच रुंदीत वाढत गेलं आहे, जसजशी गरज पडली तसतशी एकेक पट्टी जोडून. त्याचा परिणाम असा की लोकलच्या फलाटावर उतरलेल्या माणसाला वाशीची गाडी गाठायला अर्धं स्टेशन आडवं पार करावं लागतं. मुख्य मार्गावरची गाडी आली की तिच्यातून उतरलेला लोंढा जिन्याला भिडतो, त्याच क्षणी वाशीहून आलेल्या गाडीचा लोंढा समोरून येतो आणि पुलाच्या मधोमध दोघांची गाठ पडते. सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ ही गाठ सुटतच नाही. यात कुणा माणसाचा दोष नाही. जो पूल बाहेर जाणाऱ्यांसाठी बांधला होता त्याच्यावर आता आडव्या जाणाऱ्यांचा भार आला आहे. स्टेशनची सगळ्यात मोठी उणीव हीच, आणि तिच्यावर फलाट चकचकीत करून उपाय होणार नाही.

वापरून शिकलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. गाडीतून उतरल्यावर समोर दिसेल त्या जिन्याला चिकटू नका, कारण सगळा डबा त्यालाच चिकटतो. थोडं पुढे किंवा मागे चालून दुसऱ्या पुलावर चढलात तर चालणं जास्त होतं, वेळ मात्र कमी लागतो. सरकते जिने बहुतेक वर नेण्यासाठीच चालू असतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी उतरायचा विचार आधी करावा आणि लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते बघून त्याप्रमाणे डबा निवडावा. आईला घेऊन जाताना मी हेच करते. उतरल्यावर शोधायला लागलं की हाल होतात. पुलावर इंडिकेटर वाचायला मधे थांबू नका, कठड्याला लागून उभं राहा. आणि तुम्ही मुलुंडचे असाल, बसायला हवं असेल आणि हाताशी वेळ असेल, तर उलटं ठाण्याला येऊन इथून सुटणारी ठाणे लोकल पकडणं हा जुना मार्ग आजही चालतो. त्यासाठी तिकीट किंवा पास ठाण्यापर्यंतचा असावा.

पाच आणि सहा नंबरबद्दल वेगळं लिहायला हवं. जलद गाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांच्या मधला हा फलाट फार अरुंद होता. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे उभं राहायलाही धास्ती वाटायची. मे २०२४ च्या अखेरीला ६३ तासांचा ब्लॉक घेतला, रूळ सरकवला आणि फलाट रुंद केला. ३०-३१ मेच्या मध्यरात्री काम सुरू झालं आणि २ जूनला दुपारी संपलं. त्या दिवसांत लोकांचे खूप हाल झाले, ऑफिसं घरून चालली, आणि ज्यांना घरून काम करता येत नाही ते बसच्या रांगेत उभे राहिले. पण झालेल्या कामाचा फरक रोज जाणवतो. दोन-तीन मीटर म्हणजे कागदावर काहीच नाही. गर्दीच्या फलाटावर तेवढ्या जागेत लेकुरवाळी बाई मुलाला कडेला घेऊन सुरक्षित उभी राहू शकते. ज्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी ते तीन दिवस-रात्र खपून केलं त्यांना माझे मनापासून धन्यवाद. असंच काम पुलांच्या रुंदीचं व्हायला हवं.

ठाण्याच्या पुढे १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका आली. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली हे चांगलं झालं. तरीही ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मेले, हे विसरून कुठल्याही स्टेशनचं कौतुक करता येत नाही. त्यांतले काही जण ठाण्याला उतरणार असतील, काही इथे गाडी बदलणार असतील. दारात लटकायचं नाही हे मी मुलीला रोज सांगते, आणि पुढची गाडी येऊ दे, उशीर झाला तर झाला, हेही.

आता पैशांचं. एवढ्या कमी पैशात एवढी मोठी सेवा मला दुसरीकडे माहीत नाही. लोकलचं कमीत कमी भाडं ५ रुपये आणि ठाण्याहून सीएसएमटीचं साध्या डब्याचं १५ रुपये. ३४ किलोमीटरला १५ रुपये! एवढ्यात स्टेशनबाहेरून रिक्षा सुरूसुद्धा होत नाही. तिकिटाची पद्धत माझ्या डोळ्यांदेखत बदलली. आधी पुठ्ठ्याचं जाड तिकीट, मग कूपनची पुस्तिका आणि ती छापून घ्यायला यंत्रापुढे रांग, मग स्मार्ट कार्ड, आता फोन. फोनवर तिकीट काढायचं तर स्टेशनच्या बाहेर असतानाच काढावं. फलाटावर उभं राहून काढायला गेलात तर ॲप परवानगी देत नाही. वयस्कर माणसांना हे कुणीतरी समजावून द्यायला लागतं. खिडक्या चालू आहेत तोवर त्यांची अडचण होत नाही, म्हणून खिडक्या कमी करू नयेत एवढीच विनंती.

बायकांच्या डब्यावर खरं तर वेगळा लेख होईल. आमच्या डब्यात मटार सोलले जातात, मुलांच्या परीक्षांचे निकाल ठरतात, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली तर चार जणी आपापल्या कंपनीत विचारून येतात. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात, आरती होते, पेढे वाटले जातात. १६ एप्रिलला प्रवासी संघटनेची मंडळी स्टेशनचा वाढदिवस करतात. बाहेरच्या माणसाला हे नवल वाटेल. ज्या जागेत आपण रोज घरच्यांपेक्षा जास्त माणसांना भेटतो तिचा वाढदिवस करावासा वाटणारच.

या स्टेशनात बाळंही जन्मली आहेत. गाडीत कळा सुरू झालेल्या बायकांना इथे उतरवून घेतलं आणि फलाटालगतच्या एक रुपयाच्या दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झालं, अशा बातम्या ठाणेकरांनी वाचलेल्या आहेत. स्टेशनवर डॉक्टर असणं ही चैन नाही, रोज लाखो माणसं जिथून जातात तिथे ती पाण्याच्या नळाइतकी गरजेची गोष्ट आहे.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. कोपरीत आमच्या घरात रात्री झोपताना गाड्यांचा आवाज असायचा तो थांबला आणि आम्हाला कितीतरी दिवस नीट झोप लागली नाही. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या. सगळ्या बायकांना २१ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. आमच्या साहेबांनी माझी वेळ त्याप्रमाणे बदलून दिली. मोकळ्या पुलावरून चालताना मला पहिल्यांदाच कळलं की हा पूल किती लहान आहे. दोन्ही लसी घेतलेल्या सर्वांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास खुला झाला आणि स्टेशन पुन्हा भरलं. गर्दीचा कंटाळा येणारी मीसुद्धा त्या दिवशी आनंदाने धक्के खात गेले.

कोकणाबद्दल लिहिलं नाही तर घरचे रागावतील, आईचं गाव संगमेश्वरजवळ आहे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला, आता ठाण्यातल्या कोकणी माणसाला दादरला जाऊन गाडी धरायची गरज नाही. कोकणकन्या, तुतारी इथेच मिळतात, २०२३ पासून मडगावची वंदे भारतही इथे थांबते. गणपतीच्या आधीच्या रात्री सात-आठ नंबरवर या आणि बघा. पेट्या, गोणपाटं, मखराचं सामान, पेंगुळलेली पोरं, आणि आरक्षण असो नसो, प्रत्येकाच्या तोंडावर गावाला जायचा तजेला. त्या रात्री फलाटावरची व्यवस्था राखणाऱ्या पोलिसांची आणि हमालांची मेहनत कुणी मोजत नाही.

बाहेर पडल्यावर पश्चिमेला काय, हे ठाण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात. सॅटिस म्हणजे स्टेशनला लागून बांधलेला दुमजली बसतळ, त्याच्या वरच्या मजल्यावर टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या, बस, खाली रिक्षा, बाजूला एसटीचा जुना स्टँड. सॅटिस झाल्यापासून पुलावरून थेट बसपाशी जाता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते, विशेषतः पावसात. खायला कुंजविहारचा भलामोठा वडापाव स्टेशनच्या दारातच आहे. तिखट झेपत असेल आणि दहा-पंधरा मिनिटं चालायची तयारी असेल तर मामलेदार मिसळ. १८९३ ची स्थापना असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय, कौपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलाव म्हणजेच तलावपाळी, गडकरी रंगायतन, सगळं चालण्याच्या अंतरावर. शनिवारी संध्याकाळी डोंबिवली-कळव्याची माणसं नुसती तलावपाळीला फिरायला येतात, तेव्हा हे स्टेशन नोकरीचं राहत नाही, सहलीचं होतं.

पूर्वेला मात्र अजून मागच्या दाराची वागणूक मिळते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी कोपरी कॉलनी वसवली, व्यापार वाढवला, इथली वस्ती आज दाट आहे, आणि ट्रान्स-हार्बरचे फलाट आमच्याच बाजूला आहेत. तरी बाहेर पडल्यावर रिक्षा, फेरीवाले, पादचारी आणि बांधकामाचे पत्रे यांतून वाट काढायची. पूर्वेच्या सॅटिसचं काम चालू आहे. ते पूर्ण झालं की बस थेट स्टेशनाला लागतील, आणि मला त्याची खरोखर उत्सुकता आहे. तारे द्यायचेच झाले तर पाचपैकी गाड्यांना साडेचार, भाड्याला पाच, रुंद केलेल्या पाच-सहा नंबरला चार, पुलांना अडीच आणि पूर्वेच्या दाराला सध्या दोन.

पुलांवरचा भार कमी करायचा तर माणसं ठाण्याला न येता पुढे गेली पाहिजेत, आणि त्यासाठीची कामं ठरलेली आहेत. कळवा ते ऐरोली उन्नत मार्ग झाला की कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्याला गाडी बदलावी लागणार नाही. माझ्या मते या स्टेशनासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि ते ठाण्याच्या हद्दीबाहेर होणार आहे. ठाणे आणि मुलुंडच्या मधे, मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं स्टेशन होत आहे, त्याने वागळे आणि घोडबंदरची माणसं वाटली जातील. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेली २९ किलोमीटरची, २२ स्टेशनांची वर्तुळाकार मेट्रो ठाणे स्टेशनला जोडली जाणार आहे. तेव्हा मेट्रोतून लोकलला येणारी माणसं पुन्हा याच पुलांवर येऊ नयेत, त्यांना वेगळी वाट असावी, हे आत्ताच, नकाशावर पेन्सिल असतानाच बघायला हवं. बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन म्हातार्डीला आहे, इथून दूर. त्यामुळे तो ताण तरी थेट इथे येणार नाही.

आणखी एक मागणी आहे. पुलाच्या एका भिंतीवर या स्टेशनचा इतिहास मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहावा. त्यात तीन इंजिनांची नावं असावीत, नाना शंकरशेटांचं मुरबाड असावं आणि रुळांनी दोन भाग केलेल्या चेंदणीचा जुना नकाशा असावा. तिथे थांबायला कुणाला वेळ नसेल, पण आठवडाभर येता-जाता एकेक ओळ वाचून होईल.

पहिल्यांदाच येणार असाल तर शक्यतो दुपारी १२ ते ४ मध्ये या. रविवारी येणार असाल तर शनिवारी संध्याकाळीच मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून ठेवा. ट्रान्स-हार्बरचा ब्लॉक असेल तर नऊ-दहा नंबरवर जाऊन वाट बघत बसू नका, खाली उतरून ऐरोली-वाशीकडची एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबईची, बस धरा, आणि सोबत वयस्कर कुणी असेल तर त्या दिवशी बेत पुढे ढकला.